चिरुटाची रीत

जगातली कोणतीही गोष्ट सुखाने करायला बसा, ती करण्याची खरी पद्धत माहीत असलेला एक माणूस कुठून तरी उगवतोच. तुम्ही शेंगाचटणीवर तेल घेतलेत, की तो म्हणतो, "छे छे! शेंगाचटणीला दहीच पाहिजे." दही घेतलेत, तर तोच म्हणतो, "दह्यानं चटणी मरते हो." चहा बशीत ओतलात, तर तो अशा नजरेने पाहतो, की आपण कॅशच्या नोटांवर वाण्याची यादी लिहिली आहे. अशा माणसांना मी जन्मभर भीत आलो आहे. एक तर मी बी.कॉम., तोही दुसऱ्या वर्गात. आणि पेशाने बँकेतला कारकून. २०२४ पासून आम्हाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात, पण त्यामुळे काउंटरची उंची बदललेली नाही, आणि काउंटरपलीकडच्या माणसाचा आवाजही. बावीस वर्षे सर्क्युलरप्रमाणे वागून वागून माझी अशी अवस्था झाली आहे, की तुला स्वतःला काय आवडतं, असे कोणी अचानक विचारले तर मी वरच्या ऑफिसकडून खुलासा मागवीन.

अशा माणसाच्या घरी सिगारची पेटी आली.

आणली ती हिच्या भावाने. हा आमचा दादा अमेरिकेत, फ्लोरिडातल्या टँपा गावी असतो. सोलापूरला जशी चादर, तसा एकेकाळी टँपाला सिगार. १८८५-८६ च्या सुमाराला इबोर नावाच्या एका सिगारवाल्याने तिथे अख्खी वसाहतच वसवली. दादा जातो संगणकाच्या कंपनीत, पण त्या गावच्या पाण्याचा गुण त्याला लागला आहे. आपले कस्टमवाले प्रवाशाला पंचवीस सिगारपर्यंत सोडतात. दादाने बरोबर पंचवीस आणले. पंधरा मुंबईच्या मित्रांना दिले आणि दहा मला. पंधरा अधिक दहा पंचवीस. हिशेब जुळला म्हणून मी निम्मा खूश झालो, आणि उरलेला निम्मा ती पेटी पाहून. देवदारासारख्या वासाच्या लाकडाची ती देखणी पेटी होती. आमच्या घरातल्या कोणत्याही फर्निचरपेक्षा तिचे पॉलिश चांगले होते.

"क्यूबन आहेत का रे?" मी विचारले. क्यूबा आणि सिगार एवढे मला ठाऊक होते.

"दाजी, क्यूबन अमेरिकेत विकायला बंदी आहे. १९६२ पासून," दादा म्हणाला. मग त्याने केनेडींची गोष्ट सांगितली. क्यूबाच्या मालावर बंदी घालण्याच्या हुकुमावर सही करायची होती. त्याच्या आदल्या संध्याकाळी केनेडींनी आपल्या प्रेस सेक्रेटरीला, सॅलिंजरला, बोलावून हजारभर क्यूबन सिगार पैदा करायला सांगितले. पठ्ठ्याने सकाळी बाराशे आणून हजर केले. मग साहेबांनी टेबलाचा खण उघडला, कागद काढला आणि सही ठोकली. पुढे सॅलिंजरनेच हे जाहीर सांगितले. मला या गोष्टीत नवल वाटले नाही. सर्क्युलर निघण्याआधी ते ज्याला कळते तोच साहेब, हे कोणत्याही बँकेतला शिपाईसुद्धा सांगेल.

तर त्या रात्री जेवणे झाल्यावर दादाने मला गच्चीवर नेले. गच्चीवर नेण्याचे कारण अण्णा. मी पंचेचाळीस वर्षांचा आहे, दोन मुलांचा बाप आहे, डोक्यावर घराचे कर्ज आहे. पण वडिलांसमोर तोंडात धूर घेण्याइतका अजून मोठा झालेलो नाही. आमचे अण्णा रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झाले, आता अठ्ठ्याहत्तरीत आहेत. त्यांना व्यसन नाही, हे सांगायलाच नको; पण त्यांना आवडही नाही. आमटीत मीठ नसले तरी ते बोलत नाहीत आणि दुप्पट असले तरी बोलत नाहीत. आई विचारते, "अहो, भाजी कोणती करू?" अण्णा म्हणतात, "कर कोणतीही." माझ्यातला कारकून कुणाकडून आला, याबद्दल आमच्या घरात कधी वाद झालेला नाही.

गच्चीवर दादाने पेटी उघडली आणि माझे प्रशिक्षण सुरू झाले. सिगारला डोके असते आणि पाय असतो. डोके तोंडात धरायचे, पाय पेटवायचा. (हे ऐकून मला लगेच आमच्या शाखेची आठवण झाली.) डोक्याची टोपी कापायची, पण दोन मिलिमीटरच. जास्त कापली तर वरचे पान सुटते. पेटवताना ज्योत पायाला लावायची नाही, नुसती जवळ धरून शेकायचे. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात घोळवून सोडायचा. मिनिटाला एकच झुरका. राख झटकायची नाही, तिची ती पडू द्यायची. शेवटी चुरडून विझवायचा नाही, ठेवून द्यायचा. तो आपला आपण विझतो. आणि विझलेला दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटवायचा, हे तर महापाप.

मी एक झुरका घेतला. सवयीने नव्हे, घाबरून, तो छातीत गेला. गच्ची, टाकी, शेजारच्यांची डिश अँटेना हे सगळे एकदा माझ्याभोवती फिरून जागेवर आले.

"काय लागतंय?" दादाने डोळे मिटून विचारले. "देवदार? कातडं? की थोडा कोको?"

"कडू," मी म्हणालो.

दादाचा चेहरा पडला. "तुमचं पॅलेट अजून डेव्हलप झालेलं नाही, दाजी." परत गेल्यावर त्याने टँपाहून मला चौदा कलमी नियमावली पाठवली. खाली 'कृपया काटेकोर पालन व्हावे' एवढे लिहायचे राहिले होते.

आता वाचक म्हणतील, नको होते तर ओढायचे कशाला? त्यातून माझी छाती मुळातच नाजूक. लहानपणी मला बाळदमा होता, अजूनही थंडीत ती पेटीसारखी वाजते. पण दादाचे म्हणणे होते, की सिगार छातीत जातच नाही, सबब काही होत नाही. मला ते सुरुवातीला पटलेही. पुढे वाचनालयात फ्रॉइडचे चरित्र हाती लागले. माणसाच्या मनात काय काय दडलेले असते ते सांगणारा हा मोठा डॉक्टर दिवसाला वीस-वीस सिगार ओढायचा. १९२३ साली त्याच्या तोंडात कर्करोग निघाला, त्यानंतर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, आणि १९३९ साली तो गेला. ओढणे काही सुटले नाही. छातीत न गेलेला धूर तोंडात तर राहतोच, हा साधा डबल एन्ट्रीचा नियम दादाच्या चौदा कलमांत नव्हता.

तरी फुकट आलेली वस्तू वाया घालवणे आमच्या रक्तात नाही. पेटीत आठ उरले होते. पुढच्या रविवारी मी टोपी कापताना दोनाचे पाच मिलिमीटर केले. वरचे पान सुटत सुटत गेले, आणि भर सभेत एखाद्याचे धोतर सुटावे तसा तो सिगार माझ्या हातात उभा राहिला. त्याच्या पुढच्या रविवारी घड्याळ लावून मिनिटाला एक झुरका चालू होता, तेवढ्यात मॅनेजरसाहेबांचा फोन आला. साहेबांचा एक फोन म्हणजे सिगारच्या हिशेबाने वीस झुरके. बोलणे संपेपर्यंत सिगार विझला होता आणि मीही. उरले सहा.

त्यातला एक मी बँकेत नेला. ओढायला नव्हे. सार्वजनिक जागी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून बंदीच आहे, आणि आमच्या शाखेत तर साहेबांशिवाय कोणालाही धुमसायची परवानगी नाही. नेला तो नुसता खिशाला लावायला. जुन्या हिंदी सिनेमातले स्मगलर तोंडात सिगार धरून जी शांतपणे माणसे उडवायचे, त्यातली चार आणे शांतता तरी काउंटरवर मिळावी, एवढीच अपेक्षा.

आमच्या शाखेत विडी कामगार बायकांची खूप खाती आहेत. सोलापुरात पिढ्यान् पिढ्या हजारो बायका विड्या वळतात. कुंभारीला त्यांची दहा हजार घरांची वसाहत झाली, २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते तेव्हा. तर त्यातल्या एक वयस्क आक्का पासबुक भरायला आल्या होत्या. सर्व्हर नेहमीप्रमाणे ध्यानस्थ होता. आक्कांची नजर खिशाकडे गेली.

"काय वो सायब ते? एवढी जाड विडी?"

मी सिगार त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चष्मा वर करून पाहिला, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये फिरवला, टोकाला नखाने हळूच दाबला. बावीस वर्षांत मी हजारो सह्या तपासल्या असतील, पण एकही इतक्या लक्षपूर्वक नाही.

"दोरा कुठाय?"

"दोरा नसतो आक्का. डिंकानं चिकटवतात."

"हात बरा हाय ज्यानं वळली त्याचा," आक्का म्हणाल्या. "पन यात आमच्या पन्नास विड्या होतील की!" आणि मागे वळून रांगेतल्या दुसरीला त्यांनी तेलुगूत काहीतरी सांगितले. त्यावर सगळी रांग हसली. ते मला कळले नाही, आणि कोणी समजावूनही सांगितले नाही.

हाताचा विषय निघाला म्हणून सांगतो. हवानाच्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून एक चाल पडली. शेकडो कामगार ओळीने बसून सिगार वळायचे, आणि उंच जागी बसलेला एक वाचक त्यांना मोठ्याने वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचून दाखवायचा. त्याचा पगार कामगारच आपल्या मजुरीतून द्यायचे. टँपालाही तेच. 'माँटेक्रिस्टो' नावाचा सिगार आहे, त्याचे नाव ड्यूमाच्या कादंबरीवरून पडले, कारण ती वळणाऱ्यांची लाडकी होती म्हणतात. मांडीवर सूप घेऊन दिवसभर मान खाली घालणाऱ्या आक्कांना कोणी कधी कादंबरी वाचून दाखवली असेल, असे मला वाटत नाही. असो.

दादाच्या कलमांनी मी इतका त्रासलो होतो, की निदान थोर लोक तरी नियमाने सिगार ओढत होते का, ते बघायला लागलो. वाचून फार बरे वाटले. चर्चिलसाहेब कटर वापरत नसत; टोक ओले करून काडीने त्याला आरपार भोक पाडत. सिगार चावत, विझू देत, पुन्हा पेटवत. दादाच्या हिशेबाने त्यांना शाखेतून निलंबितच करायला हवे होते. मार्क ट्वेन तर त्याहून वरचढ. त्याचे सिगार इतके स्वस्त आणि भयंकर, की ते पुढे करताच पाहुण्यांना अचानक महत्त्वाची कामे आठवायची. त्याने लिहिले आहे, की एकदा त्याने बारा मित्रांना जेवायला बोलावले. त्यातल्या एकाची उंची सिगारबद्दल ख्याती. ट्वेनने त्याच्याच घरून मूठ-दोन मूठ महागडे सिगार लांबवले, त्यांवरचे लाल-सोनेरी पट्टे काढले आणि ते आपल्या बदनाम पेटीत भरून ठेवले. जेवणानंतर पेटी फिरली. मंडळींनी कसेबसे दोन-चार झुरके ओढले, सबबी सांगितल्या आणि काढता पाय घेतला. सकाळी दारापासून फाटकापर्यंत अंगणभर ते उंची सिगार पडलेले! एकच तेवढा जेवणाच्या ताटलीत सापडला. तो ज्याच्या घरून चोरले होते त्याचा. आणि असले सिगार लोकांना दिलेस तर एखाद दिवशी कोणीतरी गोळी घालील, असे नंतर त्यानेच बजावले. सिगारच्या बाबतीत ज्याची त्याची आवड हेच एक माप, दुसरे माप नाही, असे ट्वेनचे म्हणणे.

आवडीला खरोखरच माप नाही. आंध्रच्या किनाऱ्याकडे श्रीकाकुळम, विशाखापट्टणम भागात खेड्यातल्या बायका चुट्टा ओढतात, तो पेटते टोक तोंडात धरून. आपल्या गोव्यातही काही बायका पानात तंबाखू गुंडाळलेली धुमटी तशीच उलटी ओढत. टाळू भाजून निघते, त्यातून कर्करोगही होतो, असे डॉक्टरांनी तपासून लिहून ठेवले आहे. पेटवायचे कोणते टोक आणि चोखायचे कोणते, याबद्दलसुद्धा जिथे जगात एकमत नाही, तिथे मिनिटाला झुरके किती, हे ठरवणारा दादा कोण?

एवढे वाचून मला धीर आला आणि मी माझी स्वतःची रीत शोधली. सिगार पेटवायचाच नाही! रविवारी संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकायची, चहा बशीत ओतायचा, पेटीतला एक सिगार काढायचा, नाकाखालून दोनदा न्यायचा, बोटांत धरून पश्चिमेकडे बघत बसायचे आणि अंधार पडला की परत पेटीत ठेवून द्यायचा. मुद्दल शाबूत, व्याज दर आठवड्याला. असा एक सिगार नीट वापरला तर माझ्या निवृत्तीपर्यंत पुरेल, असा मी हिशेबही केला होता. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट मी कुणाला न विचारता, माझी म्हणून करत होतो.

अशाच एका रविवारी टाकीतले पाणी बघायला अण्णा वर आले.

मी हात मागे घेतला.

"काय आहे ते?"

"पेन," मी म्हणालो.

"पेनला वास येत नाही," अण्णा म्हणाले. "आण इकडे."

पंचेचाळिसाव्या वर्षी मी वडिलांच्या हातात सिगार दिला. मनात म्हटले, आता व्याख्यान. अण्णांनी तो कानाशी नेऊन हळू दाबला. मग आक्कांनी फिरवला होता तसाच बोटांत फिरवला. मग नाकाशी धरला तो बराच वेळ काढलाच नाही.

"पान जरा फिकं आहे," ते म्हणाले. "गुंटकलला याच्यापेक्षा काळा मिळायचा. चुट्टा म्हणतात तिकडं. आपण चिरूट म्हणतो तोच."

गुंटकलला अण्णांची पहिली नेमणूक होती, एवढेच मला ठाऊक. १९६९ साली ते तिथे मालबाबू म्हणून लागले. पुढचे ते स्वतःच सांगत गेले, टाकीच्या पायरीवर बसून. गुंटकलला मोठा रूळ आणि लहान रूळ एकत्र येत, आणि एकीकडच्या वाघिणीतला माल उतरवून दुसरीकडच्या वाघिणीत भरावा लागे. रात्रभर हमालांच्या माना मोजत आणि पोती मोजत धक्क्यावर उभे राहायचे. झोप येऊ नये म्हणून एका तेलुगू पॉइंट्समनने चुट्टा हातात ठेवला. पहिल्या दिवशी ठसका लागून ते पोत्यांवर बसले. सहा वर्षांनी म्युच्युअल ट्रान्स्फर मिळून सोलापूरला आले, तेव्हा ट्रंकेत कपड्यांच्या खाली पन्नास चुट्टे होते.

"काडेपेटी आहे?"

मी खाली जाऊन काडेपेटी आणली. दादाचा स्टीलचा कटरही पुढे केला. अण्णांनी त्याकडे पाहिलेही नाही. दाताने टोपी तोडून कठड्यापलीकडे थुंकले, काडी ओढली आणि सरळ पायाला भिडवली. कलम दोन, कलम तीन आणि कलम चार एका दमात मोडले. मिनिटाला एक वगैरे काही नाही. आधी भराभर तीन-चार, मग बराच वेळ नुसताच हातात, मग एक लांब. कडू-गोड काही बोलले नाहीत. डोळे मात्र मिटले होते. आमटीला, भाजीला, पुरणपोळीला, कशालाही हा माणूस असे डोळे मिटताना मी पाहिलेला नव्हता.

धूर माझ्याकडे वळला, तसे ते उठून वाऱ्याच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसले. "तू लांब बस. तुझी छाती."

पाऊण सिगार उरला असताना त्यांनी तो कठड्यावर दाबून विझवला, वर्तमानपत्राच्या तुकड्यात नीट गुंडाळला आणि खिशात ठेवला.

"उरलेला बुधवारी," ते म्हणाले.

शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरीत, म्हणजे १८८७ साली, तो नुसती राख बघून सांगतो, की खुन्याने त्रिचनापल्लीचा चिरूट ओढला होता. होम्सला निदान राख तरी लागली. आमच्या आईला तीही लागली नाही. अण्णा जिना उतरून स्वयंपाकघराच्या दारावरून नुसते गेले, आणि आतून आवाज आला, "अहो, चुट्टा?"

अण्णा देवघराकडे निघून गेले. आई लाटणे हातात धरून तशीच उभी. मग मला म्हणाली, "तू झालास ना, तेव्हा छाती अशी घुरघुरायची तुझी, रात्र रात्र खांद्यावर टाकून फिरायचे हे. डॉक्टर म्हणाले, घरात धूर नको. त्या दिवशी ड्यूटीवरून आले आणि सगळा डबाच बंबात घातला. एक शब्द बोलले नाहीत."

"आणि?"

"आणि काय? पाणी मस्त तापलं," आई म्हणाली, आणि पोळी उलटली.

पेटीत आता पाच आहेत. ते मी अण्णांच्या कपाटात ठेवले. एक सिगार त्यांना रविवार-बुधवार करत पंधरा दिवस जातो, मोजूनच ओढतात. डॉक्टरांना विचारावे का, असे मी एकदा म्हणालो, तर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने माझ्याकडे असे पाहिले, की मी खुलासा मागवायचे रद्द केले.

परवा दादाचा टँपाहून व्हिडिओ कॉल आला. "काय दाजी, पॅलेट डेव्हलप झालं का? नोट्स काय लागताहेत?"

मी फोन अण्णांपुढे धरला. "अण्णा, दादा विचारतोय, सिगारला चव कशाची लागते."

अण्णांनी थोडा विचार केला.

"गुंटकलची," ते म्हणाले.

दादाने वही ओढली आणि स्पेलिंग विचारले.